मेक्सिको पाठीवर सॅक घेऊन: उंच पठारावरून मायांच्या जंगलापर्यंत

मेक्सिकोला जायचं ठरलं की बहुतेकजण आधी कॅनकूनचं तिकीट शोधतात. समुद्र आहे, पांढरी वाळू आहे, मायांचं प्राचीन शहर चिचेन इत्सा जवळ आहे. माझा आग्रह बरोबर उलटा आहे. विमानाने राजधानीत उतरा, जमिनीवरून आग्नेयेकडे सरकत जा आणि परतीचं विमान कॅनकूनहून पकडा. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून निघायचं तिकीट बहुतेक विमान कंपन्या देतात, आणि अनेकदा ते साध्या परतीच्या तिकिटापेक्षा फारसं महाग पडत नाही.

यामागचं कारण उंची आहे. मेक्सिको सिटी २२४० मीटरवर आहे. देशाचा मधला भाग म्हणजे एक प्रचंड पठार, त्याच्या दक्षिण कडेला ज्वालामुखींची रांग, पुढे वाहाकाचे डोंगर, मग चियापासची धुक्यातली गावं आणि अखेरीस युकातानचा चुनखडीचा सपाट प्रदेश. हवा कशी असेल, ताटात काय येईल, अवशेष कुठल्या दगडाचे असतील, रात्री किती पांघरूण लागेल, हे सगळं उंचीवरून ठरतं. डोंगर चढायचे असतील तर राजधानीत काढलेल्या दिवसांतच शरीराला विरळ हवेची सवय लागते. किनाऱ्यावर आठवडाभर लोळून थेट ज्वालामुखीकडे गेलात तर ही सवय नसते. म्हणून हा लेख त्याच क्रमाने, पठारावरून खाली उतरत लिहिला आहे.

सगळी वाट निवांत करायला चार आठवडे हवेत. दोनच आठवडे असतील तर राजधानी, एक डोंगर आणि वाहाका एवढं करून राजधानीतूनच परत या. चियापास आणि युकातान त्यात कोंबलंत तर अर्धी सुट्टी बसमध्ये जाईल.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कुणाचा बहुप्रवेशी आणि चालू व्हिसा तुमच्याकडे असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. भारतातून मेक्सिकोला युरोप, इस्तंबूल किंवा अमेरिकेमार्गे जावं लागतं. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच, त्यामुळे तो ज्यांच्याकडे आहे त्यांचे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. युरोपमार्गे जाताना त्या विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसाचा नियम तिकीट काढण्याआधी वाचा. काही देश भारतीयांकडून तोही मागतात. यांपैकी कुठलाच व्हिसा नसेल तर मेक्सिकोच्या दूतावासाकडे अर्ज करा. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, तेवढा हाताशी ठेवा.

विमानतळावरचा अधिकारी जास्तीत जास्त १८० दिवस देऊ शकतो, पण तो तुमच्या कागदांकडे बघूनच किती द्यायचे ते ठरवतो. परतीचं तिकीट, पहिल्या काही रात्रींचं बुकिंग आणि वाटेचा साधा आराखडा कागदावर छापून न्या. फोन दाखवण्यापेक्षा कागद पुढे करणं तिथे सोपं जातं. शिक्का बसल्यावर त्यावर लिहिलेले दिवस तिथेच वाचून घ्या.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पाऊस साधारण मेअखेर सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालतो. पठारावर तो बहुधा दुपारनंतर कोसळतो, त्यामुळे शहरं पावसाळ्यातही बघता येतात. डोंगरांवर मात्र दुपारच्या विजा धोकादायक ठरतात. ईस्टरच्या आठवड्यात अख्खा देश सुट्टीवर निघतो, तेव्हा बस आणि खोल्या आधीच भरलेल्या असतात. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मृतांचा सण असतो. घराघरांत आणि दफनभूमीत झेंडूच्या राशी पडतात. आपल्या दसरा-दिवाळीचा झेंडू मूळचा याच भूमीतला. त्या दिवसांत वाहाकात राहायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या.

सॅक चाळीस लिटरची पुरते. त्याहून मोठी सॅक कोलेक्तिवोत, म्हणजे शेअर व्हॅनमध्ये, मांडीवर घेऊन बसावी लागते. एक उबदार जॅकेट हवंच, कारण हिवाळ्यात राजधानीच्या पहाटेही चांगलाच गारठा असतो आणि लांब पल्ल्याच्या बसमधला एसी त्याहून वाईट. पावसाचं पातळ जाकीट, पाय बसलेले बूट, डोक्यावरचा दिवा, ओआरएस आणि गाळणीची बाटली घ्या. सॉकेट अमेरिकेसारखी दोन चपट्या पट्ट्यांची असतात, त्यामुळे अडॅप्टर लागेल. औषधांची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: स्युडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या मेक्सिकोत बंदी घातलेल्या आहेत. पाकिटावरची घटकांची यादी वाचूनच औषधं भरा. ई-सिगारेटही नेऊ नका. विमा काढताना तो किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे ते बारीक अक्षरांत शोधा. अनेक पॉलिसी ठरावीक उंचीनंतर हात वर करतात.

पैशांचं म्हणाल तर रुपये तिथे कुणी बदलून देत नाही. एक फॉरेक्स कार्ड, एक दुसऱ्या बँकेचं कार्ड आणि थोडे डॉलर वेगवेगळ्या जागी ठेवा. पेसो बँकेच्या इमारतीतल्या एटीएममधून काढा. मशीन जेव्हा ‘आमच्या दराने रूपांतर करू का’ असं विचारतं, तेव्हा नकार द्या. नकार दिला तरी पैसे येतात, फक्त दर तुमच्या कार्डाचा लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच बरा असतो. सुटे पैसे जपून वापरा. बाजार, कोलेक्तिवो, स्वच्छतागृह आणि खेड्यातली खानावळ रोखीवरच चालतात, आणि पाचशेची नोट कुणालाच नको असते. बसून जेवलात तर दहा ते पंधरा टक्के टीप देण्याची रीत आहे.

राजधानी: चार-पाच दिवस तरी

तिकीट घेताना विमानतळाचं नाव बघा. मेक्सिको सिटीसाठी दोन विमानतळ चालतात. जुना बेनितो ह्वारेस विमानतळ शहरातच आहे, तर २०२२ साली सुरू झालेला फेलिपे आंखेलेस उत्तरेला बराच लांब आहे. देशांतर्गत स्वस्त तिकिटं बऱ्याचदा या दुसऱ्या विमानतळाची असतात. जुन्या विमानतळावरून मेट्रोबसची चौथी मार्गिका जुन्या शहराकडे जाते. रात्री उशिरा उतरलात तर आतल्या खिडकीवर आधी पैसे भरून मिळणारी अधिकृत टॅक्सी घ्या. बाहेर येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्यांकडे वळू नका.

मेट्रो या शहराची मोठी देणगी आहे. पाच पेसोंत कुठूनही कुठेही जाता येतं. प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र आहे: कुठे टोळ, कुठे घंटा, कुठे बदक. १९६९ साली पहिली मार्गिका सुरू झाली तेव्हापासूनची ही पद्धत आहे आणि स्पॅनिश न येणाऱ्याला ती आजही उपयोगी पडते. स्थानकावर एकच रिचार्ज होणारं कार्ड घ्या, ते मेट्रोबसलाही चालतं. गर्दीच्या वेळी पुढचे डबे स्त्रिया आणि लहान मुलांसाठी राखीव असतात. सॅक पोटाशी धरा, फोन आतल्या खिशात ठेवा. मुंबईच्या लोकलची सवय असणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

पहिले दोन दिवस धावपळ करू नका. पायऱ्या चढताना दम लागेल, झोप तुटेल, कोरडं वाटेल. भरपूर पाणी प्या आणि सपाटीवर चाला. नळाचं पाणी पिऊ नका. वसतिगृहांत वीस लिटरचे जार असतात, त्यातून बाटली भरा.

सपाटीवर चालायला सोकालोचा चौक उत्तम. इथेच अस्तेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान होती, १५२१ साली स्पॅनिशांनी ती जिंकून पाडली आणि त्याच दगडांनी नवं शहर उभारलं. १९७८ साली वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना कोयोल्शाउकी देवतेची कोरीव शिळा सापडली आणि त्यातून मोठ्या मंदिराचं उत्खनन सुरू झालं. ते मंदिर आणि त्याचं संग्रहालय चौकाला लागूनच आहे. चापुल्तेपेक उद्यानातल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयाला पूर्ण दिवस द्या, आणि तो सुरुवातीलाच द्या. पुढे तुम्ही मोंते आल्बान, पालेंके, उश्माल ही प्राचीन शहरं बघणार आहात. तिथून निघालेल्या उत्तम वस्तू इथे आहेत आणि प्रदेशानुसार दालनं लावली आहेत. हे आधी पाहिलं तर पुढचे अवशेष बोलायला लागतात. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रविवारी मेक्सिकन नागरिकांना अनेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो, तेव्हा रांगा लांब असतात. चित्रकार फ्रिदा काहलोच्या निळ्या घराचं तिकीट ऑनलाइन, बरंच आधी काढावं लागतं.

मराठी माणसाने सोकालोजवळची आणखी एक इमारत चुकवू नये. शिक्षण सचिवालयाच्या या इमारतीच्या भिंती मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने चित्रांनी भरून टाकल्या आहेत. २०२४ पासून ती भित्तिचित्रांचं संग्रहालय म्हणून खुली आहे. तिथल्या ‘आमची रोजची भाकर’ या चित्रात मेजाच्या मध्यभागी बसून भाकर मोडणारा माणूस म्हणजे पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले क्रांतिकारक, ब्रिटिशांमुळे मायदेशी परतता येईना म्हणून मेक्सिकोत स्थिरावले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी तिथे काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. चापिंगोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसवण्यात आला. तिथे रिव्हेराने रंगवलेलं एक चॅपलही आहे. पूर्वेच्या बसस्थानकावरून तेश्कोकोच्या बसने अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. आपल्याकडे खानखोजेंचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि तिथे ते राजधानीतल्या भिंतीवर जवळजवळ शंभर वर्षं बसले आहेत. मला तरी या शहरातली कुठलीही रांग या चित्रापेक्षा महत्त्वाची वाटत नाही.

बसस्थानकं समजून घ्या

राजधानीत चार दिशांना चार मोठी बसस्थानकं आहेत आणि स्थानक चुकलं की दिवस जातो. उत्तर स्थानक तेओतिवाकान, केरेतारो, ग्वानाह्वातोसाठी. पूर्वेचं तापो हे प्वेब्ला, वाहाका आणि पुढच्या सगळ्या आग्नेय प्रवासासाठी; सान लासारो मेट्रोला लागून आहे. दक्षिणेचं तास्केन्या तेपोस्त्लान, ताश्कोसाठी. पश्चिमेचं ओब्सेर्वातोरिओ तोलुका, मोरेलियासाठी.

आग्नेयेत एडीओ कंपनीच्या बस सर्वाधिक. आसन क्रमांकाने मिळतं आणि लवकर काढलेल्या तिकिटावर सवलत असते. परदेशी कार्ड त्यांच्या संकेतस्थळावर कधीकधी चालत नाही, तेव्हा स्थानकावरच्या किंवा शहरातल्या खिडकीवर जाऊन तिकीट घ्या. सॅक बसच्या पोटात टाकताना मिळणारा बिल्ला जपा. पासपोर्ट, पैसे, औषधं अंगावरच.

जवळच्या अंतराला कोलेक्तिवो. भरली की निघते, पैसे चालकाला द्यायचे. उतरायचं असेल तर ‘बाखान’ असं मोठ्याने म्हणा. चढताना सगळ्यांना ‘ब्वेनोस दियास’ म्हणायची रीत आहे आणि ती पाळणाऱ्या परक्याला लोक मनापासून मदत करतात.

तेओतिवाकान आणि चोलुला

तेओतिवाकान या प्राचीन शहराला उत्तर स्थानकावरून ‘पिरामिदेस’ लिहिलेल्या बसने तासाभरात पोचता येतं. उघडण्याच्या वेळेला तिथे असा. सावली जवळजवळ नाही आणि उंचीवरचं ऊन फसवं असतं: हवा गार लागते, कातडी भाजते. सूर्य पिरॅमिड सुमारे ६५ मीटर उंच आहे, तळाची बाजू सव्वादोनशे मीटरच्या आसपास. २०२० पासून त्यावर चढणं बंद आहे. चंद्र पिरॅमिडच्या खालच्या टप्प्याचे नियम बदलत राहतात, दारावर विचारा. हे शहर अस्तेकांनी बांधलेलं नाही. अस्तेक इथे आले तेव्हा हे शहर कित्येक शतकं ओसाड पडलेलं होतं. बहुतेकजण दोन पिरॅमिड बघून परततात; तुम्ही तेपांतित्ला आणि तेतित्लाच्या घरांमधली भित्तिचित्रं बघायला वेळ ठेवा.

तापोहून दोन तासांवर प्वेब्ला आणि त्याला लागून चोलुला. चोलुलाचा पिरॅमिड घनफळाने जगातला सगळ्यात मोठा मानला जातो, पण लांबून ती झाडीने भरलेली टेकडीच वाटते. माथ्यावर स्पॅनिशांनी चर्च बांधलं आहे. सकाळी हवा स्वच्छ असेल तर तिथून पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी धूर सोडताना दिसतो.

डोंगर: क्रम सोडू नका

पोपोकातेपेत्ल १९९४ पासून जागा आहे. शिखरापासून १२ किलोमीटरच्या आत जायला बंदी आहे. कुणी ‘गुपचूप नेतो’ म्हणाला तर त्याच्याशी बोलणंही थांबवा.

बाकी डोंगर चढण्यासाठी मी असा क्रम सांगेन. आधी तेपोस्त्लानजवळचं तेपोस्तेकोचं छोटं मंदिर. पायऱ्यांची खडी चढण आहे, दीड तासात होते, आणि दम किती लागतो ते कळतं. मग ला मालिंचे. एकट्यादुकट्याने, तांत्रिक साहित्याशिवाय चढता येणारा हा सर्वांत चांगला मोठा डोंगर. माथा ४४०० मीटरच्या वर आहे. चढाई सुमारे ३१०० मीटरवरच्या सरकारी विश्रामकेंद्रापासून सुरू होते. म्हणजे सुरुवातच कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर. तापोहून आपिसाको किंवा वामांत्लाला बस, तिथून कोलेक्तिवो किंवा टॅक्सी. आठवड्याच्या मधल्या दिवशी व्हॅन कमी असतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी पोचून केंद्राच्या लाकडी घरात मुक्काम करणं बरं.

पहाटे उजाडण्याच्या सुमाराला निघा. पहिला भाग पाइनच्या जंगलातून, वाट स्पष्ट. चार हजार मीटरच्या आसपास झाडं संपतात, मग गवताच्या झुबक्यांची उभी चढण आणि शेवटी माती, वाळू, सुटे दगड. चढायला चार ते पाच तास धरा. दुपारी बारापर्यंत माथा आला नाही तर तिथूनच फिरा, कारण ढग दुपारीच जमतात. डोकं जड होणं सर्रास आहे. पण ओकाऱ्या, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं ही खाली उतरण्याची आज्ञा समजा. उंचीच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर भारतातून निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

तोलुकाचा नेवादो हा ज्वालामुखी ४६०० मीटरच्या वर आहे, पण वाहनाने बरंच वर जाता येतं. विवरातली सूर्य आणि चंद्र ही दोन तळी सुमारे ४२०० मीटरवर आहेत. बर्फ पडलं की रस्ता बंद होतो.

इस्तासिवात्ल, ५२०० मीटरच्या वरचा, हा वेगळाच मामला. आमेकामेकाच्या उद्यान कार्यालयाची नोंदणी, पासो दे कोर्तेस खिंडीपर्यंतची गाडी, ला होयाहून मध्यरात्रीची सुरुवात, एकामागून एक फसवी शिखरं आणि धुक्यात हरवणारी वाट. मालिंचे आरामात झाला असेल तरच, आणि वाटाड्या घेऊनच जा. या डोंगरावरची आयोलोको हिमनदी संपली, अशी धातूची पाटी शास्त्रज्ञांनी २०२१ साली तिथे बसवली. जुन्या वर्णनांत वाचलेलं बर्फ आता तिथे सापडेलच असं नाही. पिको दे ओरिसाबा, देशातला सर्वोच्च, बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना लावायचे काटे, वापरता येणाऱ्यांसाठी आहे. सह्याद्रीतला कितीही मोठा अनुभव त्याला पुरत नाही.

शाकाहारी माणसाने काय खावं

इथे जरा थांबतो, कारण मराठी प्रवाशांचे सगळ्यात जास्त हाल जेवणात होतात आणि त्यांची गरज नसते. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं म्हटलं तर समोर कोंबडी येऊ शकते, कारण ‘कार्ने’ म्हटलं की लाल मांस समजलं जातं. म्हणून पूर्ण म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका.’ मांस, कोंबडी, मासे आणि डुकराची चरबी नको. शेवटचा शब्द महत्त्वाचा. शिजवलेल्या घेवड्यात आणि तामालेच्या, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या, पिठात बहुधा चरबी असते, भात अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात.

तरीही खायला खूप आहे. तव्यावर भाजलेला त्लाकोयो, आत घेवडा किंवा ताजं चीज, वर निवडुंगाच्या फोडी. भोपळ्याच्या फुलांची किंवा वित्लाकोचे या मक्यावरच्या काळ्या बुरशीची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी; राजधानीत ती चीजशिवायही येते, म्हणून ‘कोन केसो’, म्हणजे चीजसकट, असं सांगा. कणसाचे दाणे लिंबू-तिखट लावून. पण त्यावर मेयॉनेझ घालतात, नको असेल तर आधीच अडवा. वाहाकात मोठी कुरकुरीत त्लायुदा, ‘सिन आसिएन्तो’ म्हणून मागा, म्हणजे चरबीचा थर लावत नाहीत. सकाळी चिलाकिलेस, म्हणजे हिरव्या रश्श्यातले तळलेल्या तोर्तियांचे तुकडे. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान खानावळीत ठरावीक किमतीचं जेवण मिळतं: सूप, भात, मुख्य पदार्थ, फळांचं पाणी. दिवसाचं मोठं जेवण हेच ठेवा.

रात्रीसाठी माझा आवडता उपाय: कोपऱ्यावरच्या तोर्तियेरियातून अर्धा किलो गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, बाजारातून अव्होकाडो, टोमॅटो, मिरची, लिंबू आणि वाहाकाचं तंतूंचं चीज. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला असतो, त्यामुळे या तोर्तियेला एक खास वास असतो आणि ती वळवली तरी मोडत नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दहा मिनिटांत पोटभर जेवण होतं. टोमॅटो, मिरची, पेरू, चिकू हे सारं याच भागातून आपल्याकडे आलेलं, त्यामुळे बाजारात परकं वाटत नाही.

वाहाका आणि वरची गावं

तापोहून साधारण सात तास. शहर सुमारे १५५० मीटरवर. मोंते आल्बानला शहरातून छोट्या बस जातात. इथल्या सापोतेक लोकांनी डोंगराचा माथा सपाट करून हे शहर वसवलं, इसवीसनपूर्व ५०० च्या सुमाराला. १९३२ साली आल्फोन्सो कासोला सातव्या कबरीत सापडलेलं सोनं, मोती आणि पिरोजा शहरातल्या सांतो दोमिंगो मठाच्या संग्रहालयात आहे. दोन्ही एकाच दिवशी करा, आधी डोंगर, मग संग्रहालय. मित्लाच्या अवशेषांकडे जाताना तूलेचं प्रसिद्ध प्रचंड झाड रस्त्यातच लागतं. मित्लाच्या भिंतींवरची दगडी जाळी चुन्याशिवाय, नुसत्या तासलेल्या तुकड्यांनी बसवलेली आहे.

शहरात एक-दोन दिवस कमी केले तरी चालतील, पण सिएर्रा नोर्ते ही उत्तरेची डोंगररांग सोडू नका. सापोतेक गावांचा एक समूह तिथे जंगल आणि पायवाटा सामूहिक मालकीने सांभाळतो. क्वाहिमोलोयास ३२०० मीटरच्या आसपास आहे, तिथून लातुवीपर्यंत दिवसभराची उतरती चाल करता येते. वाटाड्या गावाचाच घ्यावा लागतो, मुक्काम गावाच्या लाकडी घरांत, जेवण गावच्या खानावळीत, पैसे गावाच्या निधीत. नोंदणी वाहाका शहरातच होते. शेकोटीची लाकडं खोलीबरोबर मिळतात, ती मागून घ्या.

वाहाकात मे-जूनच्या सुमाराला शिक्षकांची आंदोलनं होतात आणि रस्ते अडवले जातात. अशा वेळी वाट बघा किंवा दुसरा दिवस निवडा. अडथळा ओलांडायचा प्रयत्न करू नका.

चियापास: बातम्या वाचून जा

वाहाकाहून सान क्रिस्तोबालला रात्रभराची बस. हे गाव पुन्हा सुमारे २२०० मीटरवर, त्यामुळे स्वेटर वरच ठेवा. जवळच्या सान ह्वान चामुलाच्या चर्चमध्ये जमिनीवर पाइनची पानं, शेकडो मेणबत्त्या आणि त्सोत्सिल भाषेतल्या प्रार्थना. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि ती मनापासून पाळा. फोन खिशातूनही काढू नका.

सुरक्षेबद्दल सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी. ग्वातेमालाच्या सीमेलगतच्या भागात गेल्या काही वर्षांत टोळ्यांचा संघर्ष वाढला आहे. याश्चिलान आणि बोनांपाक हे अवशेष त्याच पट्ट्यात येतात. सान क्रिस्तोबालच्या वसतिगृहात त्या आठवड्याची स्थिती विचारूनच ठरवा, आणि शंका असेल तर सोडून द्या. पालेंकेला जाणारा ओकोसिंगोमार्गेचा थेट रस्ता अंतराने कमी आहे, पण तिथे नाकाबंदी आणि लुटीचे प्रकार झाले आहेत. मोठ्या बस त्याऐवजी तूस्तला आणि बियाएर्मोसामार्गे लांबून जातात. तोच मार्ग घ्या, दिवसा.

एकूणच देशभरात हेच नियम लागू पडतात: रस्त्यावरची टॅक्सी थांबवण्याऐवजी ॲपवरून बोलवा, अंधारात अनोळखी स्थानकावर उतरू नका, आपत्कालीन क्रमांक ९११, आणि राजधानीतल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहिलेला असू द्या.

पालेंके ते कॅनकून

पालेंकेला उतरताच हवा अंगाला चिकटते. डासांचं मलम आता वर काढा. गावातून अवशेषांपर्यंत व्हॅन सतत असतात. उघडतानाच आत शिरा, तेव्हा जंगलातून माकडांच्या डरकाळ्या येत असतात. राजा पाकाल इथे ६१५ ते ६८३ पर्यंत राज्यावर होता. शिलालेखांच्या मंदिराखालची त्याची कबर आल्बेर्तो रुसने १९५२ साली शोधली. मूळ कबरीत जाता येत नाही, पण दगडी शवपेटीची प्रतिकृती तिथल्याच संग्रहालयात आहे. म्हणून खालच्या दाराने बाहेर पडा, ओढ्याच्या कडेने उतरत थेट संग्रहालयाकडे.

इथून मेरिदा आठ-नऊ तास. २०२३ च्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली माया रेल्वेही हा पल्ला जोडते. तिची स्थानकं बऱ्याच ठिकाणी गावापासून लांब आहेत, पुढच्या वाहनाचा वेळ आणि पैसा हिशेबात धरा.

एकच माया शहर निवडायचं असेल तर मी उश्माल निवडेन. मेरिदाहून सव्वा-दीड तास, गर्दी कमी, आणि कोरीवकाम असं की तासन्‌तास बघावं. या भागात नदी नाही, नैसर्गिक विहिरीही नाहीत, म्हणून भिंतीभिंतीवर पर्जन्यदेव चाकचे लांब नाकाचे मुखवटे आहेत आणि पावसाचं पाणी साठवायला जमिनीत टाक्या खोदलेल्या आहेत. परतीच्या बस मोजक्याच असतात, वेळ आधी टिपून ठेवा. चिचेन इत्सा बघायचं तर आदल्या रात्री बायादोलिदला राहा आणि पहिल्या कोलेक्तिवोने आठला दारात पोचा. दहानंतर कॅनकूनच्या सहलींच्या बस येतात. दुपारी सेनोतेत, म्हणजे चुनखडी खचून तयार झालेल्या पाण्याच्या कुंडात उतरा. आधी अंघोळ करून मलम, तेल सगळं धुऊन टाकायला सांगतात, कारण हेच भूजल गावं पितात. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट भाड्याने मिळतं.

शेवटी घड्याळ. कॅनकून ज्या किंताना रो राज्यात आहे ते मेरिदा आणि बायादोलिदपेक्षा एक तास पुढे आहे. बायादोलिदहून थेट विमानतळ गाठणार असाल तर निघण्याची वेळ तासाने अलीकडे घ्या, आणि बसच्या तिकिटावर छापलेली वेळ कुठल्या गावची आहे ते खिडकीवर विचारून घ्या.